डेस्कटॉप चालता चालता बंद पडतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

पीसी मधेच बंद पडायला लागला की आपल्याकडे दोन सल्ले ठरलेले, एक 'फॉरमॅट मारून घे' आणि दुसरा 'एसएमपीएस (पीसीला करंट पुरवणारा आतला डबा) गेला असेल, बदलून टाक'. पहिल्याचा बहुतेक वेळा काडीचा उपयोग होत नाही, कारण खट्कन फॅनसकट सगळं बंद पडत असेल तर बिचाऱ्या विंडोजला काही कळायच्या आत करंट गेलेला असतो, मग ते नवं टाका नाहीतर जुनं ठेवा, काय फरक पडणार. दुसरा सल्ला कधीकधी बरोबर निघतो, पण अंदाजाने पार्ट बदलत बसलं तर आधी एसएमपीएस होतो, मग रॅम, मग मदरबोर्ड, आणि शेवटी कळतं की भिंतीवरचं सॉकेटच सैल होतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच की पीसी कसा बंद पडतो ते आधी नीट बघा, स्क्रू-ड्रायव्हर नंतर. निम्मं उत्तर तिथंच मिळतं.

आणि त्याच्याही आधी, जोवर चालतोय तोवर महत्त्वाच्या फाइल, फोटो, टॅलीचा डेटा वगैरे पेनड्राइव्ह किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर घेऊन ठेवा. लिहिता लिहिता करंट गेला की फाइल करप्ट होते, जुन्या हार्डडिस्कला तर हे झटके अजिबात सोसत नाहीत.

आता 'कसा' म्हणजे काय. सगळं एकदम बंद, फॅन पण थांबला, कॅबिनेटवरची लाइट पण विझली आणि पीसी तसाच मेल्यासारखा पडून राहिला, हा एक प्रकार. बंद झाला आणि आपला आपण परत चालू झाला, हा दुसरा. क्षणभर निळी स्क्रीन चमकून रीस्टार्ट झाला तर तो तिसरा आणि त्याचं औषध पूर्ण वेगळं. 'शटिंग डाउन' असं व्यवस्थित लिहून येतं आणि मग बंद होतो, म्हणजे कोणीतरी विंडोजला बंद व्हायला सांगतंय. आणि नुसती स्क्रीन काळी होते पण फॅन फिरतोच आहे, तर पीसी बंद झालेलाच नाही, कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबून बघा, त्याची लाइट चालू-बंद होत असेल तर मशीन जिवंत आहे आणि तुमची भानगड मॉनिटर, केबल, ग्राफिक्स कार्ड किंवा स्लीप सेटिंगची आहे. पुढचं अर्धं वाचायची गरज नाही.

प्रकार कळला की वेळ बघा. गेम लावला किंवा व्हिडिओ रेंडरला टाकला की पडतो का? काहीच करत नसताना पडतो का? पाण्याची मोटर किंवा फ्रीज चालू झाला की पडतो का? टेबलाला पाय लागला की पडतो का? ही शेवटची गोष्ट लोक सांगतच नाहीत, हसू येईल म्हणून असेल, पण त्यानेच काम सगळ्यात लवकर होतं. एका कागदावर तारीख, वेळ आणि तेव्हा काय चालू होतं एवढं लिहित जा.

एक फुकटची टेस्ट सांगतो जी कोणी करत नाही. पीसी चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणारी मदरबोर्डची सेटिंग स्क्रीन) जा आणि तसाच सोडून द्या, तासभर तरी. बायोसमध्ये विंडोज नाही, ड्रायव्हर नाही, व्हायरस नाही. तिथंही बंद पडला तर सॉफ्टवेअरचा विषय संपला, करंट, गरमी, बटन किंवा मदरबोर्ड यातलंच काहीतरी आहे. तिथं नीट चालला म्हणून मात्र हार्डवेअर सुटलं असं नाही, कारण बायोसमध्ये ग्राफिक्स कार्डवर लोड येत नाही. जाता जाता तिथंच सीपीयूचं (अख्खं कॅबिनेट नव्हे, आतली मुख्य चिप) टेम्परेचर दिसतं ते पण बघून घ्या.

विंडोज चालू होत असेल तर त्याची डायरी वाचा. स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' टाइप करा, आत 'विंडोज लॉग्ज', त्यात 'सिस्टिम'. उजवीकडे 'फिल्टर करंट लॉग' आहे, तिथं नंबर टाका ४१, १०७४, ६००८, १००१. ४१ म्हणजे कर्नल-पॉवर, आणि हा नंबर बघून अर्धी दुनिया एसएमपीएस बदलायला पळते. तो फक्त एवढंच सांगतो की मागच्या वेळी मी नीट बंद झालो नव्हतो, आणि तो लिहिला जातो पुढच्या वेळी चालू झाल्यावर, त्यामुळे त्याच्यावरची वेळ ही बंद पडल्याची वेळ नव्हे. ती हवी असेल तर ६००८ मध्ये बघा. पण ४१ मध्ये खरा माल आहे तो 'डिटेल्स' टॅबमध्ये. तिथं 'बगचेककोड' असा एक रकाना असतो. त्यात शून्य असेल तर बहुतेक करंट तुटला किंवा मशीन जागीच गोठलं, आणि शून्य नसेल तर निळी स्क्रीन आली होती (१००१ नंबर पण तिचीच नोंद). हा आकडा दशमानात असतो, म्हणजे १५९ दिसला तर तो हेक्समध्ये (सोळाच्या पायाची मोजणी, निळ्या स्क्रीनचे कोड त्यातच देतात) ९एफ, म्हणजे ड्रायव्हरच्या पॉवरची गडबड. त्याच्याच खाली 'पॉवरबटनटाइमस्टॅम्प' असतं, ते शून्य नसेल तर पॉवर बटन दाबून धरलं गेलंय, घरात लहान पोरं असतील तर आधी त्यांना विचारा.

१०७४ दिसला तर तुमचं नशीब चांगलं, कारण त्यात नाव लिहिलेलं असतं की कुठल्या प्रोग्रॅमने बंद करायला सांगितलं. विंडोज अपडेट निघतं बऱ्याचदा. एक मजेशीर प्रकार म्हणजे पीसी दर तासाने बंद होतो, आणि १०७४ मध्ये 'डब्ल्यूएलएमएस' नावाची फाइल दिसते. म्हणजे कोणीतरी तुम्हाला विंडोजची इव्हॅल्युएशन कॉपी टाकून दिलीये, मुदत संपली की ती दर तासाला मशीन बंद करते. तिथं कितीही धूळ झाडा, काही होणार नाही, रीतसर विंडोज टाका. फॉरमॅटचा सल्ला जिथं खरंच लागू पडतो अशी ही एक जागा.

आता हार्डवेअर, आणि सुरुवात भिंतीपासून करायची, कॅबिनेट उघडून नाही. आपल्याकडे पीसीची पिन थेट भिंतीवरच्या बोर्डात क्वचितच असते, बोर्डात एक्स्टेन्शन, एक्स्टेन्शनला यूपीएस, यूपीएसला अजून एक पट्टी आणि त्यात पीसी, मॉनिटर, स्पीकर, राउटर, मोबाइलचा चार्जर. यातला एक सांधा सैल असला तरी पीसी पडतो. पिन हाताने हलकी हलवून बघा, चर्र आवाज आला किंवा प्लास्टिक पिवळं-काळं पडलेलं दिसलं तर ते सॉकेट आजच बदला, पीसीसाठी नाही तर घरासाठी. एसएमपीएसच्या मागं जी काळी जाड केबल लागते ती पण दाबून बघा, कॅबिनेट भिंतीला सरकवून सरकवून ती अर्धी बाहेर आलेली असते.

मग यूपीएस. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॉट नव्हेत, साधारण ३६० वॉट धरा. वरून त्याची ती १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि थकलेली आहे हे कळत नाही, कारण लाइट असताना सगळं छान चालतं. व्होल्टेज जरा खाली आलं, यूपीएस बॅटरीवर गेला, बॅटरीने मान टाकली, पीसी गेला, आणि घरातला पंखा मात्र फिरतोच आहे म्हणून आपल्याला वाटतं लाइट तर गेलीच नव्हती. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हाच पीसी बंद होत असेल तर संशय पहिला इथं. तपासायचं कसं, तर यूपीएसला पीसी काढून शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब लावा आणि यूपीएसची भिंतीतली पिन काढा, बल्ब लगेच विझला किंवा यूपीएस किंचाळत बंद पडला तर बॅटरी बदला. उलट टेस्ट पण करा, एक-दोन दिवस पीसी यूपीएस सोडून थेट बोर्डात लावून चालवा, तेवढ्यात लाइट गेली तर जाईल पण कळेल तरी.

घराला इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागं किंवा पुढं एक छोटं बटन असतं, यूपीएस मोड आणि नॉर्मल किंवा इको मोड. नॉर्मलवर असेल तर लाइट गेल्यावर बॅटरीवर जायला तो जास्त वेळ घेतो. ट्यूब एकदा लुकलुकते, पंख्याला कळत पण नाही, पण पीसीचा एसएमपीएस भरल्या लोडवर साधारण १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या करंटची एक पूर्ण लाट पण नाही. यूपीएस मोडवर टाकलं की बऱ्याच घरांतला प्रॉब्लेम तिथंच मिटतो, शून्य खर्चात. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही, तुटलेल्या अर्थिंगमुळे कॅबिनेटवर लाइनच्या निम्मं व्होल्टेज बसलेलं असतं. पीसी त्याने लगेच बंद पडतो असं नाही पण वायरमनला बोलवाच, ती गोष्ट चालवून घ्यायची नाही.

भिंत साफ सुटली की गरमी. ही ओळखायला सोपी आहे, पहिल्यांदा अर्ध्या-पाऊण तासाने बंद पडतो, लगेच चालू केला की दहा मिनिटांत, परत केला की अजून लवकर. थोडा वेळ थंड होऊ दिला की परत अर्धा तास चालतो. आणि पडायच्या आधी फॅन विमानासारखा ओरडतो, मशीन हळू होतं, कारण सीपीयू आधी स्वतःचा वेग कमी करून वाचायला बघतो आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर करंट तोडतो. 'एचडब्ल्यूइन्फो' नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, त्यात सेन्सर्स उघडा आणि मॅक्सिममचा कॉलम बघा. इंटेलच्या बहुतेक सीपीयूंची कमाल हद्द १०० डिग्रीच्या आसपास, एएमडीच्या रायझनची ९० ते ९५. नुसतं ब्राउझर उघडं असताना ८० दाखवत असेल तर कूलरचं (सीपीयूवरचा फॅन आणि त्याखालच्या धातूच्या पट्ट्या) काहीतरी बिनसलंय हे नक्की.

डिसेंबरमध्ये नीट चालणारा पीसी मे महिन्यात पडायला लागतो त्याचं गणित पण सोपं आहे. कूलर सीपीयूला खोलीपेक्षा अमुक डिग्री वर ठेवतो, खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली २२ असताना सीपीयू ७० वर असेल तर अकोला-नागपूरकडच्या मेमध्ये खोली ४२ झाली की तोच सीपीयू ९० वर. त्यात तो कॉम्प्युटर टेबलाच्या दार लावलेल्या खणात कोंबलेला असेल तर विचारूच नका. ते खणाचं दार काढून टाका, मागून एक वीत जागा सोडा.

साफ करताना पिन काढा, मग पॉवर बटन पाच-सात सेकंद दाबून धरा म्हणजे आतला उरलासुरला करंट जातो, आणि मग बाजूचं पत्र्याचं झाकण उघडा. सीपीयूचा फॅन वरून स्वच्छ दिसतो आणि लोक तिथंच फसतात. फॅन सोडवून वर उचला, फॅन आणि अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या मधे राखाडी घोंगडी निघते, अख्खीच्या अख्खी चिमटीत धरून उचलता येते, आणि हवा तिच्यातून जातच नसते. ती काढा, मग ब्रश आणि ब्लोअर, ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते बेफाम फिरून बेअरिंगची वाट लागते. एसएमपीएसच्या जाळीवर पण बाहेरून ब्लोअर मारा, पण तो उघडायचा नाही. का ते पुढं येतंय.

इंटेलच्या जुन्या स्टॉक (सीपीयूबरोबरच आलेल्या) कूलरला चार प्लास्टिकचे पाय असतात, आणि ते एकदा काढून परत लावले की त्यातला एखादा हमखास नीट बसत नाही. काळ्या टोपीवर बाण कोरलेला असतो, त्या दिशेला फिरवलं की पाय सुटतो, बसवताना आधी उलट फिरवून ठेवायचं आणि मग तिरपे समोरासमोरचे दोन दोन पाय दाबायचे, टक्क आवाज आला पाहिजे. खात्री करायची तर मदरबोर्डाच्या मागून बघा, पांढऱ्या पायाच्या दोन पाकळ्या फाकलेल्या आणि त्यांच्या मधे काळी पिन पूर्ण बाहेर आलेली दिसली पाहिजे. एक पाय जरी अर्धवट असला तरी कूलर एका बाजूने उचललेला राहतो आणि तुम्ही सीपीयू आणि कूलरच्या मधे कितीही भारी थर्मल पेस्ट लावा, टेम्परेचर उतरत नाही. पेस्टचं म्हणाल तर जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी, बास. एएम४ सॉकेटचा (सीपीयू बसतो त्या खोबणीचा प्रकार) रायझन असेल तर कूलर सरळ वर ओढू नका, आधी पीसी थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करून पिन काढा आणि कूलर डावी-उजवीकडे पिळत सोडवा, नाहीतर वाळलेल्या पेस्टला चिकटून सीपीयूच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

झाकण उघडंच आहे तर दोन स्वस्तातल्या गोष्टी बघून घ्या. पॉवर बटन चार सेकंद दाबलं की पीसी बंद होतो हे माहितीच आहे, पण तेच बटन आत अडकून राहिलं असेल तर पीसी चालू होतो आणि चार-पाच सेकंदांत आपोआप बंद. पीसी चालू केल्याबरोबर मदरबोर्डवरून 'पॉवर एसडब्ल्यू' लिहिलेली दोन पिनांची वायर उपसून ठेवा, मग चालू राहिला तर बटन खराब, रीसेटची वायर त्या जागी लावा आणि रीसेटचं बटन पॉवर म्हणून वापरा, कोणाला कळणार पण नाही. दुसरं म्हणजे पुढचे यूएसबी पोर्ट. आत पिना वाकून एकमेकींना किंवा पत्र्याला टेकल्या असतील तर काही बोर्ड चालू होतानाच स्क्रीनवर ओव्हर करंटचा मेसेज देतात की १५ सेकंदांत बंद होतोय. पुढच्या यूएसबीची वायर बोर्डवरून काढून बघा.

आता एसएमपीएस, ज्याच्यावर सगळ्यांचा पहिला संशय. लोडवर पडतो, गेम लावला की दोन मिनिटांत खट्, टेम्परेचर मात्र नॉर्मल, असं असेल तर हो, संशय रास्त आहे. आधी स्टिकर वाचा. वर मोठ्या अक्षरात ४५० वॉट लिहिलेलं असतं, ते सोडा, खाली तक्त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि बाराने गुणा. १५ अँपिअर असेल तर झाले १८० वॉट, आणि सीपीयू आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही मुख्यतः त्या १२ व्होल्टवरच जगतात. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर ग्राफिक्स कार्ड लावलेलं असेल तर पुढचं वाचायचं कामच नाही.

मल्टिमीटर असेल तर चार पिनांच्या जुन्या कनेक्टरमध्ये पिवळी आणि काळी वायर मोजा, ११.४ ते १२.६ च्या मधे हवं, लाल-काळी ४.७५ ते ५.२५. पण हे मोजणं लोडवर असतानाच करा, आणि आकडा बरोबर आला म्हणून एसएमपीएसला क्लीन चिट देऊ नका, क्षणभराची गचकी मल्टिमीटरला दिसत नाही. हिरवी-काळी वायर जोडून एसएमपीएस चालू करायची ती युक्ती सगळे सांगतात, तिने फक्त फॅन फिरतो का कळतं, लोडवर टिकतो का ते नाही, त्यामुळे आपल्या कामाची नाही. खरी टेस्ट एकच, ओळखीच्या कोणाकडून चांगला एसएमपीएस दोन दिवस मागून आणा आणि लावून बघा. उघडून दुरुस्त करायच्या भानगडीत मात्र पडू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि पिन काढल्यावरही तो काही वेळ राहू शकतो.

ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याची केबल पण बघा. स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात, सहा पिनांच्या कनेक्टरमधून ७५, आठवाल्यातून १५०. कार्डाला आठचे दोन कनेक्टर असतील तर एकाच वायरच्या दोन शेपट्या लावण्यापेक्षा एसएमपीएसकडून दोन वेगळ्या वायरी आणा. 'आफ्टरबर्नर' नावाच्या ग्राफिक्स कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणून गेम खेळून बघा, आता पडत नसेल तर कार्ड ओढतंय तेवढं एसएमपीएस देऊ शकत नाहीये असं धरायला हरकत नाही.

निळी स्क्रीन किंवा नुसता रीस्टार्ट होतो त्यांच्यासाठी. 'व्ह्यू अॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' मध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' आहे, तिथली 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' ची टिक काढा म्हणजे निळी स्क्रीन थांबून राहील आणि मोबाइलवर फोटो काढता येईल. रॅम काढून सोनेरी पट्टी खोडरबराने हलकी घासा, एकेक स्टिक लावून चालवा, मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) रात्रभर लावून ठेवा, एक जरी एरर आली तरी आधी एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारं बायोसमधलं सेटिंग) बंद करून परत टेस्ट घ्या आणि तरी आली तर ती स्टिक बाद. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'व्हीआ-लॉगर' १८ नंबर दिसत असेल तर ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेग), एक्सएमपी, सीपीयूचं अंडरव्होल्ट (कमी केलेलं व्होल्टेज) जे काही केलंय ते सगळं बायोसमधून डिफॉल्ट करा. पहिल्या पिढीचा रायझन काहीच करत नसताना गोठतो किंवा रीस्टार्ट होतो त्याला बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' असतं, ते 'टिपिकल करंट आयडल' वर ठेवा. आणि हो, बायोसची ती गोल सीआर २०३२ बॅटरी संपली की घड्याळ मागं जातं, पीसी चालता चालता बंद पडायचा तिचा संबंध नाही, दुकानदार काही म्हणो.

एवढं करून पण पडतोच आहे तर उरतो मदरबोर्ड. सीपीयूच्या बाजूचे नळकांड्यासारखे कपॅसिटर बघा, वरचं टोपण सपाट हवं, फुगलेलं किंवा त्यातून तपकिरी काही झिरपलेलं असेल तर बोर्ड गेला समजा. कपॅसिटर बदलून देणारे कारागीर आहेत अजून, चांगला माणूस मिळाला तर काम टिकतं, पण दहा वर्षं जुन्या बोर्डावर फार पैसे घालवू नये असं माझं मत.

दुकानात न्यायची वेळ आली तर कॅबिनेटबरोबर आपली पॉवर केबल पण न्या, आणि 'बंद पडतो' एवढंच सांगू नका, तो कागद दाखवा, कधी, कशावर, किती वेळाने, बायोसमध्ये पडला की नाही, यूपीएसशिवाय पडला की नाही. त्यांचा एसएमपीएस लावून तुमच्यासमोर तासभर लोडवर चालवायला सांगा. आणि फॉरमॅट मारतो म्हणाले तर आधी विचारा की बायोसमध्ये पण पडतो त्याचं काय.